कागदावर न लिहिलेलं नाव

६ मे, सोमवार

वही नवी आहे, म्हणून पहिलं पान जपून लिहिते. लेकीनं आणून दिली. जाड पुठ्ठ्याची, आत रेघा, आणि आपण कुठवर आलो ते कळायला एक निळी फीत. म्हणाली, "आई, तुला जे जे कुणाला सांगावंसं वाटेल ते आधी यात लिही. लिहून झाल्यावरही सांगावंसं वाटलं तर मला फोन कर." किती विचार करते माझा. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, पण माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे हे तिच्या लक्षात आलंय. यांना वही दाखवली. हे बसवर कंडक्टर होते, त्यामुळे बोलणं तिकीट फाडल्यासारखं, तेवढ्यापुरतं. म्हणाले, "दोन आणायला हव्या होत्या."

खरं तर लिहिण्यापेक्षा मला भरायला बरं येतं. तान्ह्या बाळांच्या कपड्यांच्या दुकानात मी लग्नाआधीपासून आहे. झबली, टोपडी, दुपटी. दुपट्याच्या कोपऱ्यात बाळाचं नाव भरून द्यायचं हे माझं काम. आधी शिरोरेघ साखळी टाक्यात मारून घ्यायची, मग एकेक अक्षर खाली टांगायचं, दोरीवर कपडे वाळत घालतो तसं. शाळेत जी अक्षरं डोक्यात शिरली नाहीत ती सुईनं शिकले.

तर लेकीला नववा महिना लागलाय. तिचं नाव आम्ही चांगलंच ठेवलं होतं, पण शाळेत तिच्या वर्गात त्याच नावाच्या पाच जणी निघाल्या. बाई हजेरी घेताना नंबर घालायच्या, पहिली, दुसरी, तिसरी. आमची चौथी. पुढे शिकली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला लागली, लग्न झालं, तरी जुनी माणसं तिला चौथीच म्हणतात. मीही लाडानं तेच म्हणते. आधी रागवायची. आता रागवत नाही, नुसती बघते. सवय झाली असावी.

तिनं आत्तापासून सांगून ठेवलंय, माझ्या मुलीचं नाव असं असेल की हाक मारली की एकच जण वळेल. मुलगीच होणार हे दोघांनी धरूनच ठेवलंय. आणि नाव एक नाही, दोन. एक पहिलं, एक मधलं, दोन्ही कुणाची नसतील अशी. मी जावयांना विचारलं, मधे बापाचं नाव घालायचं नाही का? तर म्हणाले, "माझं नाव रोज लिफ्टच्या कार्डावर सही करून करून झिजलंय, आई. तिला नवं मिळू दे." जावई लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस चांगला, पण बोलणं असं की नक्की कुठल्या मजल्यावर थांबणार कळत नाही.

या मधल्या जागेवर विहीणबाईंचा डोळा आहे. त्यांना तिथे स्वतःचं नाव हवंय आणि तसं त्या उघड बोलतात. डोळा माझाही आहे, पण मी बोलून दाखवत नाही. लेकीला फक्त एकदा म्हटलं, मग आणखी एकदा. त्यानंतर म्हटलं तेव्हा तिनं ही वही आणून दिली.

१४ मे, मंगळवार

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. केस एवढे आहेत की कंगवा लागेल.

आज लिहिणार नाही. इतक्या जणांना सांगायचं आहे की वहीला वेळ नाही.

१६ मे, गुरुवार

आज चौथीनं मला नाव सांगितलं.

दवाखान्यात आम्ही दोघीच होतो. बाळ झोपलं होतं, मुठी आवळून, जसं काही हातात सुट्टे पैसे आहेत. मी सहज म्हटलं, "हिला हाक तरी काय मारू? तुझे बाबा मॅडम म्हणतात." तर तिनं दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगते. पण नाव नोंदवेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. नोंदणीची तारीख जुलैतली मिळालीये."

मी म्हटलं, "माझ्या पोटातून बाहेर जायचं नाही."

"आई, तुझ्या पोटातून काय काय बाहेर गेलंय ते मला माहितीये. कागदावरसुद्धा लिहायचं नाही. वहीतही नाही."

मग तिनं सांगितलं. पहिलं नाव तेवढं. मधलं अजून दोघांच्यात ठरतंय, म्हणाली. मला आधी कळलंच नाही, परत म्हणायला लावलं. उभ्या आयुष्यात मी इतकी नावं भरली, पण हे कधी भरलं नाही, ऐकलंही नाही. अर्थ काय म्हणून विचारलं. म्हणाली, अर्थ चांगला आहे. म्हटलं बरं. वाईट अर्थाचं कोण कशाला ठेवेल.

घरी येताना मनात घोळवत आले. तीनदा म्हटल्यावर गोड लागायला लागलं. यांना म्हटलं, "मला नाव कळलंय." हे म्हणाले, "मला सांगू नकोस. उद्या फुटलं तर मला निदान झोप येईल."

मी इथेही लिहिलेलं नाही. शब्दाला जागते मी. लोक उगीच म्हणतात माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

२० मे, सोमवार

दुकानात आज गिऱ्हाईक कमी. मनात तेच नाव. ते कापडावर कसं बसेल ते बघावंसं वाटलं. नाव चांगलं की वाईट हे ऐकून कळत नाही, भरल्यावर कळतं. काही नावं ऐकायला भारी असतात, पण कापडावर सगळा भार एका अंगाला, दुपटं कोपऱ्यात लोंबतं.

म्हणून एका पांढऱ्या दुपट्याच्या कोपऱ्यात जांभळ्या रेशमानं भरून पाहिलं. कागदावर लिहू नकोस म्हणाली होती, ते मी पाळलंय. हे कापड आहे.

काय सांगू, असं बसलं की जणू ते नाव कापडासाठीच केलंय. पहिल्या अक्षराला गोल पोट, त्यात मी बारीक गाठीचे टाके घातले. शेवटच्या अक्षराची वेलांटी ओढून तिचं फूल केलं. मालकीणबाई चष्मा कपाळावर सरकवून आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्या कुणाचं कौतुक करत नाहीत. म्हणाल्या, "हे कुठलं गं नाव?"

मी म्हटलं, "आहे एक."

गुळणी धरून बसले अगदी. मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा दोरा ओवला.

२३ मे, गुरुवार

शोकेसमधलं नमुन्याचं दुपटं उन्हानं पिवळं पडलं होतं. आमच्याकडे दाराशेजारच्या काचेत एक दुपटं नाव भरून लावलेलं असतं. काम कसं असतं ते लोकांना कळावं म्हणून. विटलं की त्याच नावाचं दुसरं लावायचं, वर्षानुवर्षं तेच चालू होतं. तसलीच चार-दोन तयार करून आत ठेवलेली असतात. कुणाला घाईनं आहेर द्यायचा असला आणि बाळाचं नाव ठरलेलं नसलं, तर लोक तयारच उचलतात. थांबावं लागत नाही.

मालकीणबाई म्हणाल्या, "जुनं नाव आता कुणी विचारत नाही. तुझं जांभळं लाव."

मी विचार केला. चौथीनं सांगितलंय, बाळाचं नाव कुणाला सांगायचं नाही. मी कुठे सांगतेय हे कुणाच्या बाळाचं नाव आहे? काचेत नुसतं एक नाव आहे. खाली पत्ता लिहिलेला नाही. लावून टाकलं. रस्त्यापलीकडून बघितलं. ऊन पडलं की जांभळा रंग काय खुलतो.

ठमीला बघायला जायचंय उद्या. (मी तिला ठमी म्हणते, खरं नाव तोंडातून निसटू नये म्हणून. इतकी काळजी घेते.)

३ जून, सोमवार

आमच्या ठमीचं नाव लोकांना भारी आवडतंय. आज एक उंच बाई आल्या, भावजयीला मुलगी झालीय म्हणे, काचेतलंच द्या. परवा एक म्हातारे गृहस्थ आले, नातीसाठी. मी विचारलं, "नाव हेच ठेवणार आहात?" म्हणाले, "घरात रोज भांडणं चाललीत नावावरून. हे नेऊन ठेवतो समोर, मिटेल एकदाचं." आणखी बऱ्याच जणी येऊन गेल्या. मला आता ते नाव डोळे मिटून भरता येतं.

मालकीणबाई खूश आहेत. मला नवी कात्री दिली, बगळ्याच्या चोचीसारखी टोकदार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

किती वाटत होतं चौथीला सांगावं की तुझी निवड लोकांना पटलीय. पण म्हटलं, नको. नोंदणीच्या दिवशी सांगू, तिला आनंदाचा धक्का बसेल.

विहीणबाईंचा फोन होता. त्या टेलिफोनच्या ऑफिसात होत्या, तारा जोडायच्या. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. "तुम्हाला नाव सांगितलं असेल हो," म्हणाल्या. "मुलीची आई तुम्ही."

मी म्हटलं, "विहीणबाई, माझं तोंड शिवलेलं आहे."

"म्हणजे सांगितलंय."

"शिवलेलं आहे म्हटलं ना."

नाकाला मिरच्या झोंबल्या त्यांच्या. तारेतून कळलं मला.

२५ जून, मंगळवार

आज ठमीच्या लशीचा दिवस. खूप झालंय, सगळं नीट लिहिते.

दवाखान्याच्या बाकावर मी, चौथी आणि ठमी. भिंतीवर हत्तीचं चित्र, हत्तीच्या सोंडेवर कुणीतरी मोबाईलचा नंबर लिहिलेला. नर्सबाई आतून नाव पुकारतात आणि आपण उठायचं. आमच्या कार्डावर अजून नाव नाही, नुसतं आईचं.

नर्सबाईंनी पुकारलं. तेच नाव. आमच्या ठमीचं.

चौथीची मान झटकन वर झाली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई, तू हिला सांगितलंस?"

मी म्हटलं, "देवाशप्पथ नाही. एका जिवंत माणसाला सांगितलेलं नाही."

तेवढ्यात खिडकीजवळची एक बाई उठली. कडेवर बाळ, आणि बाळाला माझं दुपटं गुंडाळलेलं. मला इतका आनंद झाला, मी उठून तिच्याकडे गेलेच. कोपरा हातात धरून पाहिला. विचारलं, "धुतल्यावर शिरोरेघ सैल नाही ना पडली?"

"नाही हो. तुम्ही भरलंय?" ती म्हणाली. "आमचं नाव ठरतच नव्हतं. नणंदेनं हे दुपटं आणलं. म्हटलं, एवढं छान नाव भरलेलं आहे, उसवायचं कशाला. तेच ठेवलं."

आतून नर्सबाई म्हणाल्या, "चला लवकर. या नावाच्या आता इतक्या यायला लागल्यात, मी कार्डावर नंबरच घालणार आहे."

मी हसले. चौथीकडे वळून पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडलेला. बाळंतपणानंतर अशक्तपणा असतोच. मी तिला पाणी दिलं.

लस टोचून झाली, ठमी रडून झाली. चौथी म्हणाली, "आई, तुझ्या दुकानात जाऊया."  दुकानाशी आलो. ती शोकेससमोर उभी राहिली. ऊन होतं, जांभळा रंग खुलला होता. म्हटलं, आता काय लपवायचं, बघू दे.

तिनं विचारलं, "आई, ह्याच्या आधी इथे कुठलं नाव असायचं?"

"तुझंच की."

"माझं कधीपासून?"

"तू झालीस तेव्हापासून. माझ्या हातचं पहिलं शोकेसचं काम ते. काय खपली होती गं तेव्हा तुझ्या नावाची दुपटी. मालकीणबाई अजून आठवण काढतात."

ती दुकानाच्या पायरीवर बसली. मांडीवर ठमी. आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेना. "पाच जणी," म्हणाली. "वर्गात पाच जणी, आई."

मी म्हटलं, "बघ ना. किती आवडलं होतं लोकांना."

मग ती आणखीच हसली. मला बरं वाटलं, कारण दवाखान्यात ती अगदी गप्प होती. रिक्षात बसवून दिलं तेव्हा हात हलवला नाही, पण दोन्ही हातांत बाळ होतं.

२६ जून, बुधवार

काल सगळं यांना सांगितलं. हे जेवायचे थांबले. म्हणाले, "ते दुपटं काचेतून काढ."

"का?"

"काढ म्हणतो ना."

हे सहसा मला काही सांगत नाहीत, म्हणून दुकानात जाऊन मालकीणबाईंना म्हटलं. त्यांनी वेड्यात काढलं. चालतं दुकान कोण बंद करतं, म्हणाल्या. राहिलं ते तिथेच.

१ जुलै, सोमवार

चौथीचा फोन नाही. मी केला तर जावयांनी उचलला. म्हणाले, "ती झोपलीये." मागून तिचा आवाज ऐकू येत होता. झोपेत बोलायची सवय तिला लहानपणापासून नव्हती.

मी विचारलं, "नोंदणीची तयारी झाली?"

"नाव बदलतोय आम्ही," जावई म्हणाले. "दोन्ही नव्यानं शोधतोय."

"अहो, इतकं चांगलं होतं ते. लोकांना विचारा."

"लोकांनाच दिलंय, आई," म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा तेच, कुठला मजला कळलं नाही.

ठमीला बघून सहा दिवस झाले. हातात काम असूनही करमत नाही. आज एका टोपड्याचे बंद उलटे शिवले. उसवून पुन्हा शिवले.

४ जुलै, गुरुवार

चौथी स्वतःहून आली. ठमीला माझ्या मांडीवर दिलं, दार लावून घेतलं, खिडकीही. माझा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "आई, नवं नाव ठरलं. फक्त तुला सांगतेय."

आणि सांगितलं. मधलंसुद्धा.

काय लिहू. पहिलं असं की घशात काहीतरी अडकलंय आणि खाकरून काढतोय. मधलं ऐकून वाटलं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर वाचलंय. ठमीकडे पाहिलं, बिचारी जांभई देत होती. पण लेकीनं दार लावून सांगितलंय, तिच्या विश्वासापुढे काय बोलायचं. मी म्हटलं, "छान आहे. वेगळं आहे."

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"छे."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत होती. तोंडाच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं वाटलं. जाता जाता म्हणाली, "आणि अगदीच राहवलं नाही, तर सांगितलंस तरी चालेल." किती मोठं मन आहे तिचं.

५ जुलै, शुक्रवार

मालकीणबाईंना सांगावं लागलं. नाहीतर त्यांना कसं कळणार की हे नाव शोकेसमध्ये लावायचं नाही? त्या म्हणाल्या, "हे फुकट दिलं तरी कुणी घेणार नाही."

विहीणबाईंना मात्र सांगितलं नाही. त्यांनीच फोनवर एकेक नाव घेतलं, हे का, ते का. मी नाही नाही म्हणत गेले. शेवटी मला त्यांची दया आली, म्हटलं अशानं तुम्हाला कधीच सापडायचं नाही, आणि थोडा इशारा दिला. पहिलं अर्धं नाव. राहिलेलं अर्धं त्यांनी पूर्ण केलं, ते मी फक्त दुरुस्त केलं.

 मग म्हणाल्या, "यापेक्षा माझं काय वाईट होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं म्हणणं पटलं.

१२ जुलै, शुक्रवार

नाव नोंदवलं.

नोंदणी कार्यालयात लांब बाक, वर पंखा, फिरतो पण वारा देत नाही. आम्ही सगळे होतो. विहीणबाई नव्या चपला घालून आल्या होत्या आणि तोंड असं, जसं त्या चपला चावतायत. खिडकीपाशी लेक-जावई दोघंच गेले. "तुम्ही दोघी इथेच बसा," म्हणाले.

परत आले. चौथी सगळ्यांसमोर, मोठ्यानं, पहिलं नाव म्हणाली.

ते नव्हतंच. खोकल्याचं नव्हतं, जांभळंही नव्हतं. तिसरंच काहीतरी. छोटं, स्वच्छ, हलकं, ओठांवर आल्या आल्या आवडणारं. विहीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना फसवलंय.

मी म्हटलं, "अगं, हे कधी ठरलं?"

"शेवटच्या क्षणी," चौथी म्हणाली.

हे म्हणाले, "अगदी शेवटच्या." आणि जावयांनी खोकल्यासारखं केलं.

"आणि मधलं?" विहीणबाई आणि मी एकदमच बोललो.

चौथीनं दाखला घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला. म्हणाली, "मधलं सांगणार नाही. पहिलं आज-उद्या लोक पळवणारच. मग हिच्याही वर्गात पाच निघाल्या, तर हिच्याजवळ निदान एक नाव हिचं एकटीचं असेल. मोठी झाली की हिला वाटेल त्याला सांगेल."

विहीणबाई म्हणाल्या, "आजीला पण नाही?"

"आजीला तर नाहीच," म्हणाली. बघत होती मात्र दुसऱ्या आजीकडे.

घरी येऊन बसले तेव्हा ते दार-खिडकी लावून सांगितलेलं नाव आठवलं. आणि सांगितलंस तरी चालेल म्हणाली होती ते. मग शोकेससमोरचं तिचं हसणं आठवलं, पायरीवरचं. आज जास्त लिहीत नाही. डोळे दुखतात.

१५ जुलै, सोमवार

मालकीणबाईंना बातमी लागलीच, की नोंदणी झाली. "नवं नाव काय गं? तुझ्या घरची नावं चालतात. जांभळं आता घरोघरी झालंय, काढून टाकू. नवीन लाव."

मी पांढरं दुपटं रिंगेत चढवलं. शिरोरेघ मारली. त्या बाजूला उभ्या. ठमीचं पहिलं नाव आता गुपित राहिलेलं नाही, सगळ्यांसमोर सांगितलंय, भरलं तर मला कुणी बोललं नसतं. आणि कापडावर ते कसं दिसेल ते मला आत्ता, न भरताच दिसत होतं. जास्वंदीच्या लाल रेशमानं. एकेक अक्षर सुटसुटीत, कुठे भार नाही.

शिरोरेघेखाली मी विहीणबाईंचं नाव टांगलं.

लांबलचक नाव आहे. जुनं. आजकाल कुणी ठेवत नाही. जोडाक्षरात सुई दोनदा अडकली. मालकीणबाई म्हणाल्या, "हे? हे कोण घेणार?"

मी म्हटलं, "लावून तर बघा."

१९ जुलै, शुक्रवार

चौथी कामावर निघाली होती, बाळाला सासूकडे ठेवून. दुकानावरून जाताना थांबली. मी आतून बघत होते, काम करतेय असं दाखवत. तिनं काचेतलं नाव वाचलं. परत वाचलं. मान वाकडी करून शोकेसच्या मागे काही लपवलंय का तेही बघितलं.

मग आत आली. म्हणाली, "हे काय?"

"नमुना आहे."

"आणि बाळाचं?"

"तिचं कशाला? तिचं दुपटं घरी शिवेन. काय भरायचं ते तू सांगशील तेवढंच. नको असेल तर कोरं देईन, कोरंही मऊ असतं."

तिनं पर्स खाली ठेवली. माझ्या स्टुलाशेजारी कापडाचे गठ्ठे असतात, त्यावर बसली. माझा चष्मा काढून स्वतःच्या ओढणीनं पुसला, माझ्या डोळ्यांवर परत ठेवला. मालकीणबाई मागे पेट्या मोजत होत्या. तेवढ्यात ती माझ्या कानाशी वाकली आणि मधलं नाव सांगितलं.

सांगून गेली. कुणाला सांगू नकोस असंही म्हणाली नाही.

मी पुढची सगळी दुपार शिवत होते. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, मी त्यांच्याशी फारसं बोलले नाही. मालकीणबाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का.

२२ जुलै, सोमवार

विहीणबाई दुकानात आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. शोकेससमोर पदर सावरून अशा उभ्या होत्या, जसं कुणी फोटो काढतंय. आत आल्या तर आवाज मऊ. म्हणाल्या, "अहो, एवढं कशाला केलंत?"

मी म्हटलं, "नाव चांगलं आहे. भरायला जड आहे, पण चांगलं आहे."

"कुणी नेलं का?"

"कालच एक नेलं. शनिवारीही एक जाता जाता चौकशी करून गेले."

त्यांनी पदर आणखी एकदा सावरला. पुन्हा काचेकडे पाहिलं. कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी पाळण्यात आता त्यांच्या नावाची मुलगी झोपणार. माझं स्वतःचं नावही तसं जुनंच आहे, तेच का नाही भरलं, हे मला त्या क्षणी सुचलं. आता काय उपयोग.

मग त्या जवळ सरकल्या. मला वाटलं आभार मानतील. म्हणाल्या, "बरं, आता आपल्या दोघींत सांगा. मधलं काय ठेवलंय हो शेवटी? तुम्हाला माहीत असणारच."

ते नाव माझ्या जिभेवर होतं. तीन दिवस तिथेच आहे. जेवताना, दात घासताना, ठमीला खेळवताना तिथेच असतं.

मी दोरा दातानं तोडला. म्हटलं, "मला कोण सांगतंय, विहीणबाई? मला सांगितलं की गावभर होतं, हे काय तुम्हाला माहीत नाही?"

त्यांना लगेच पटलं. इतक्या लगेच पटायला नको होतं.